एक नारळ उधार

मुंबईत एखाद्याला भोळसट ठरवायचं असलं की विचारतात, 'काय रे, अलिबागहून आलास काय?' अलिबागकरांना हे लागतं, आणि लागणारच. २०१९ मध्ये तर या वाक्यावर बंदी आणा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. माझी आजी तेव्हा असती तर तिनेही फेटाळली असती, कारण याच वाक्यावर तिने परदेशात बत्तीस वर्षं काढली. ती ते फक्त उलट्या अंगाने वापरायची. इस्रायलमधल्या दिमोना गावात, कचेरीच्या खिडकीपलीकडचा तरणा कारकून कागद दहादा उलटसुलट करून परत देऊ लागला की ती कमरेवर हात ठेवून शुद्ध मराठीत बजावायची, "मला शिकवतोस? मी अलिबागहून आलेय." कारकुनाला शब्द कळत नसत, सूर कळायचा. शिक्का बसायचा.

आम्ही बेने इस्रायल. ज्यांच्या शेजारी कधी कुणी पेणकर, रोहेकर, किहीमकर राहत होते आणि शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा वंश म्हणजे आम्ही, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. किती पूर्वी, यावर विद्वानांचं भांडण आहे. आजीचं नव्हतं. दोन हजार वर्षं हा आकडा ती कालची भाजी किती रुपयांना आणली ते सांगावं तसा सांगायची. कोकणात आमच्या लोकांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनवार तेली'. प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत, अशी आमची एकंदर व्यवस्था.

आजीच्या हिशेबाने आमच्या माणसांनी परमुलखात बिऱ्हाड दोनदा मांडलं. पहिल्या वेळी माणसं वाचली, सामान बुडालं. दुसऱ्या वेळी माणसं पोहोचली आणि सामानही पोहोचलं. "तेवढीच काय ती सुधारणा," ती म्हणायची.

ही दुसरी वेळ १९६६ ची. खरं तर माझे दोन्ही काका त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासून निघायच्या गोष्टी करत होते. पण १९६२ च्या सुमाराला तिकडे भलतंच प्रकरण उभं राहिलं. काही धर्माधिकारी म्हणू लागले की हिंदुस्थानातून आलेल्या या लोकांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या वंशाची चौकशी केली पाहिजे. आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रं यायची, ती आजी मोठ्याने वाचून घ्यायची आणि मग दिवसभर भांडी जरा जास्तच आपटायची. "दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, तो काय तेल महाग होतं म्हणून?" हा तिचा युक्तिवाद. मी पुढे या विषयावर बरंच वाचलं, पण याहून बिनतोड मुद्दा मला सापडला नाही. आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू आहेत असं जाहीर केलं. बातमी ऐकून आजी म्हणाली, "कळवलंत, बरं झालं." तरीही पुढची दोन वर्षं ती हलली नाही. आपल्याला दारात ताटकळत ठेवणाऱ्याला आपणही थोडं ताटकळत ठेवावं, असा तिचा बाणा.

दोघे काका आणि आजी गेली. माझे बाबा रेल्वेत होते, त्यांनी ठाणं सोडलं नाही. म्हणून मी ठाण्यात वाढलो, टेंभी नाक्यावरच्या सिनेगॉगच्या आसपास. हे सिनेगॉग १८७९ चं, नाव 'शआर हशमाइम', म्हणजे स्वर्गाचं दार. लहानपणी माझी समजूत होती की आजी त्या दारातून पलीकडे गेली आहे आणि पोस्टमन तिथूनच तिची पत्रं आणतो.

पत्रं निळ्या एरोग्रामवर येत. मजकूर संपला तरी आजी संपत नसे, मग ती समासात शिरायची, समासातून घडीच्या कडेवर, आणि शेवटचं वाक्य हमखास तिथे जायचं जिथे पाकीट फाडताना कात्री लागते. तिच्या पत्रांतली शेवटची वाक्यं आमच्या घरात कुणालाच कधी पूर्ण कळली नाहीत. 'धाकट्याला सांगा की त्याने ते...' बाबा विचार करत बसायचे. त्यांनी ते काय करायचं होतं? चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने बाबांना जन्मभर असं पेचात ठेवलं.

१९७८ साली ती तीन महिने येऊन गेली. मी आठ वर्षांचा होतो आणि तिने मला पत्त्यांत लबाडी करायला शिकवलं, एवढं आठवतं. मात्र जिला मी खरोखर ओळखतो ती आजी १९९४ ची. भारत आणि इस्रायल यांच्यात १९९२ साली पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले, जाणं-येणं सोपं झालं, आणि मी चार महिने तिच्याकडे जाऊन राहिलो. ती तेव्हा ब्याऐंशीची होती.

पण आधी विळीची गोष्ट सांगतो, कारण आमच्या कुळाच्या दुसऱ्या आगमनाचा इतिहास तिथून सुरू होतो.

अलिबागहून निघताना आजीच्या ट्रंकेत काय होतं याची यादी घरात सगळ्यांना पाठ आहे: तीन नऊवारी लुगडी, हिब्रू-मराठी प्रार्थनेचं पुस्तक, गोडा मसाला, कडवे वाल, दोन नारळ आणि विळी. लोद विमानतळावर कस्टमच्या माणसाने ट्रंक उघडली. प्रार्थनेचं पुस्तक पाहून तो हसला, वालांचा वास घेऊन गप्प झाला आणि विळीपाशी आल्यावर त्याने दुसऱ्या माणसाला हाक मारली. दुसऱ्याने तिसऱ्याला. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, पात्याच्या टोकाला दातेरी लोखंडी फूल. हे शेतीचं अवजार की लढाईचं, यावर त्यांची चर्चा सुरू झाली. थोरले काका इंग्रजीत समजावू लागले, पण विळीला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना तिथेच, आयुष्यात पहिल्यांदा, शोधावं लागत होतं. तेव्हा आजीने सगळ्यांना बाजूला केलं, विळी जमिनीवर मांडली, एक गुडघा उभा करून पाटावर बसली, काकांकडून नारळ फोडून घेतला आणि विमानतळाच्या त्या चकचकीत फरशीवर अर्धी कवड खवून दाखवली. पांढरा चव पुढ्यातल्या वर्तमानपत्रावर पडत गेला. तो तिने तिन्ही कस्टमवाल्यांच्या तळहातावर चिमूट-चिमूट ठेवला.

थोरल्या काकांच्या मते तिथे दोनच अधिकारी होते. धाकट्या काकांच्या मते नारळ फुटलाच नाही, आजी नुसती बसून दाखवत होती. आजीच्या मते पंधरा माणसं जमली होती आणि त्यांतल्या एकाने पुन्हा हात पुढे केला होता. मी आजीची आवृत्ती प्रमाण मानतो.

दिमोना १९५५ साली वसवलेलं गाव, नेगेवच्या वाळवंटात. सुरुवातीला तिथे मोरोक्कोहून आलेले लोक होते, मग हळूहळू आपले. मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्या माणसांना तिथल्या कापडगिरणीत काम मिळालं, काकाही तिथेच लागले. माडांच्या सावलीतून उठून आलेल्या बाईने खिडकी उघडली तर समोर पिवळट टेकड्या, त्यांच्यापलीकडे आणखी पिवळट टेकड्या. समुद्र कुठे आहे म्हणून तिने विचारलं. काका तिला बसने मृत समुद्रावर घेऊन गेले. माणूस त्यात बुडत नाही, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मासळी कुठली मिळते, हा तिचा प्रश्न. त्यात मासाच जगत नाही म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला. "मग समुद्र कशाला म्हणता रे? मिठागर म्हणा." मिठागरं तिने पेणच्या वाटेवर जन्मभर पाहिली होती, त्यासाठी विमानात बसायची गरज नव्हती.

नव्याने येणाऱ्यांना हिब्रू शिकवायचे वर्ग असतात. आजी चार दिवस गेली. पाचव्या दिवशी तिने जाहीर केलं की ही भाषा तिला येते, फक्त यांनी शब्दांचे अर्थ चुकीचे लावलेत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विनोद वाटला होता. चार महिने राहिल्यावर कळलं की ती अगदी खरं सांगत होती. सरकारी घरांच्या वसाहतीला हिब्रूत म्हणतात 'शिकून'. आजी म्हणायची, "मी चौथी पास, पण पस्तीस घरं शिकून आहेत माझ्या शेजारी." काकडीला म्हणतात 'मेलाफेफोन'. आजीने तिची 'मेली फेफोन' केली, कारण काकडी स्त्रीलिंगी. आणि काकडीच्या भावाकडे पाहता पहिला शब्द तिला योग्यही वाटत असावा. थंड हवेच्या यंत्राला 'मझगान'. उन्हं तापली की ती आतून ओरडायची, "अरे, माझगाव लावा!" आणि वाळवंटातल्या त्या दोन खोल्यांत भर दुपारी माझगाव सुरू व्हायचं. भारताला म्हणतात 'होदू', आणि टर्की कोंबडीलाही 'होदू'च. मांसाच्या दुकानातून येताना आजी सांगायची, "आज आपला देश किलोमागे महागला बरं का."

पण तिचा सगळ्यांत आवडता शब्द होता 'सावलानूत'. याचा अर्थ धीर. तिथे रांगेत, बसथांब्यावर, दवाखान्यात जो तो दुसऱ्याला हा शब्द ऐकवत असतो, आणि स्वतःपाशी मात्र तो अजिबात नसतो. आजीला तो मराठीच वाटला. "सावली आणूत, असंच म्हणतात ना ते? मग आणा की! नुसतं म्हणत काय बसता?" पन्नास माणसं उन्हात उभी होती आणि एका झाडाचा पत्ता नव्हता. अशा ठिकाणी हा अर्थ चुकीचा ठरवायला मोठा भाषापंडित लागेल.

सगळ्यांत गोंधळ 'मी'चा. हिब्रूत 'मी' म्हणजे कोण. 'शाम' म्हणजे तिथे. नातवंडं शाळेत जाऊन पक्की हिब्रू झालेली. आजी बाजारातून आली, दार ठोठावलं, की आतून धाकट्या काकांचा मुलगा विचारायचा, "मी शाम?" म्हणजे, कोण आहे तिथे? बाहेरून उत्तर जायचं, "शाम कुठला मेल्या? मी, मी!" आत तो गोंधळून पुन्हा, "मी?" बाहेरून ठणकावून, "मी!" "मी?" "मी!" हा संवाद मी स्वतः ऐकला आहे. कुणी तिसरा मध्ये पडून दार उघडेपर्यंत तो चालायचा. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी यावर एखादं पुस्तक लिहिलं असतं. आजी फक्त पिशवी खाली ठेवून हात चोळायची.

तीच नातवंडं तिला 'सावता' म्हणत, हिब्रूत आजीला तेच म्हणतात. हे मात्र तिने विनातक्रार स्वीकारलं. सावता माळी तिला कीर्तनांमुळे ठाऊक होता. शिवाय तिच्या गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत अळू, कढीपत्ता, कोथिंबीर आणि एक हट्टी मिरचीचं रोप होतंच. नळाच्या पाण्याचा एक थेंब ती वाया जाऊ देत नसे. तांदळाचं धुवण अळवाला, भाजीचं मिरचीला, अशी वाटणी. ते डबे पाहिले की वाटायचं, नाव बरोबर जुळलंय.

गॅलरीतला एक डबा मात्र वेगळा होता. त्यात पुदिना होता आणि त्याला आजी एकेरीत बोलत नसे. "नानांना पाणी घातलंस का?" हे तिने मला पहिल्याच सकाळी विचारलं आणि मी दचकलो. नाना म्हणजे माझे आजोबा. ते १९५९ सालीच वारले, अलिबागला त्यांची कबर आहे.

खुलासा पुढे चहाबरोबर झाला. ती नवीन आली तेव्हा समोरच्या दारात मोरोक्कोची एक विधवा बाई राहायची. आजी तिला 'मोरक्कीण' म्हणे. दोघींत समान भाषा एकही नाही. मोरक्कीण अरबी, फ्रेंच आणि मोडकी हिब्रू बोलायची, आजी तिन्हींना मराठीत उत्तर द्यायची. पहिल्याच आठवड्यात मोरक्किणीने तिला चहाला बोलावलं. काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा ओतला आणि हातात हिरवी काडी धरून आपुलकीने विचारलं, "नाना?"

तिकडे पुदिन्याला 'नाना' म्हणतात.

परक्या मुलखात, एका परक्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव. आजीला वाटलं हिला कुणीतरी सांगितलं असणार. तिने मान हलवली, बोट वर आभाळाकडे केलं आणि डोळ्याला पदर लावला. मोरक्कीण काडी हातात धरून थिजली. पुदिन्यावरून रडणारी बाई तिने पाहिली नव्हती. मग तिलाही काहीतरी उमगलं असावं, निदान काहीतरी तिचं तिला आठवलं असावं, कारण तिनेही बोट वर केलं, आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि तीही रडू लागली. दोघी पोटभर रडल्या. चहा निवला. तो मोरक्किणीने पुन्हा तापवला, काडी घातली, आणि काडीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "नाना." तेव्हा आजीच्या ध्यानात आलं.

"इतकं हसले," आजी मला सांगत होती, "की ती बिचारी पुन्हा घाबरली." मग पेल्यात डोकावून म्हणाली, "आयुष्यभर चहा चहा करत होते. मेल्यावर चहातच जाऊन बसले." आणि बोटाने काडी थोडी बाजूला सारून तिने घोट घेतला.

दोघींचं पुढे तीस वर्षं जमलं. माझ्या मुक्कामात बिरड्याचा सण आला, तेव्हा मी ते पाहिलं. हा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास. जगभरच्या ज्यूंना तो तिशा बआव म्हणून ठाऊक आहे. आमच्या लोकांना तो बिरड्याचा म्हणून ठाऊक आहे, कारण कोकणात त्या वेळी वालाचं बिरडं करायची रीत पडली. आमच्या सणांची नावंच अशी: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. धर्मग्रंथ काही म्हणो, बायकांनी सगळं पंचांग स्वयंपाकघरात आणून लावलं होतं. तर वाल ठाण्याहून मीच नेले होते. आजीने ते भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकले आणि दोघी म्हाताऱ्या गॅलरीत सोलायला बसल्या. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाणा धरायचा, हलकेच दाबायचा, की साल मागे राहून आतला हिरवट-पांढरा दाणा मोडासकट टुणकन पुढे येतो. जास्त दाबला तर दोन डाळिंब्या होतात आणि आजी जीभ चटकवते. मोरक्किणीचा हात आजीपेक्षा चालता होता. मी दहा दाणे सोलेपर्यंत तिची वाटी भरायची. मध्येच तिने मला हिब्रूत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. आजीने मराठीत उत्तर दिलं. मोरक्कीण हसली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. काय बोलणं झालं म्हणून मी आजीला विचारलं. "मला काय ठाऊक? पण तुझ्याविषयीच असणार."

आता नारळांकडे येतो. खरं म्हणजे सगळा लेख नारळांसाठीच काढला होता, मध्ये पुदिना आला.

आमच्यात नवस बोलतात तो एलियाहू हनाबीला. एलियाहू संदेष्टा सगळ्याच ज्यूंचा. वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात. पण आमच्या लोकांचा त्याच्याशी थोडा जास्त घरोबा. अलिबागजवळ खंडाळे गावी कातळावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी आमची श्रद्धा आहे. काम झालं की त्याच्या नावाने मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, वेलची, बेदाणे. परातीत त्याचा ढीग, भोवती फळं, त्याचं गाणं म्हणायचं आणि वाटून खायचं.

१९७३ च्या ऑक्टोबरात दारफाळणीचा सण होता, म्हणजे योम किप्पूर. दारं लावून घ्यायची, दिवसभर उपास आणि प्रार्थना, बाहेरच्या जगाशी संबंध नाही, म्हणून दारफाळणी. त्या दिवशी दुपारी भोंगे वाजले. लढाई लागली होती. धाकटे काका राखीव सैन्यात होते, त्यांना बोलावणं आलं. "माझ्या जन्मात त्या दिवशी दार उघडलेलं मी तेव्हाच पाहिलं," आजी म्हणायची. याच्यापुढे ती त्या दिवसाविषयी फारसं बोलत नसे. काका गेल्यावर तिने नवस बोलला: पोरगा धड परत येऊ दे, पाच नारळांचा मलिदा करीन.

काका चार-पाच महिन्यांनी आले. धड आले. आता पाच नारळ आणायचे कुठून? अलिबागला वाऱ्याने पाच पडतात. तिथे बेरशेबाच्या बाजारात शोधून शोधून दोन मिळाले, तेही म्हातारे. आजीने दोनाचा मलिदा केला आणि एलियाहूला स्पष्ट सांगितलं, "तीन उधार." पुढे नारळ मिळू लागले, डबाबंद खोबरंही आलं, पण तोवर तिच्या मनाने घेतलं होतं की हे तीन नारळ अलिबागकडचेच हवेत. नवस बोलताना तिच्या डोळ्यांपुढे तिकडचे होते म्हणे. १९७८ मध्ये आली तेव्हा परतताना ते नेणार होती, आणि विमानतळावर निघताना पिशवीच आमच्या मोरीत राहिली. पुढच्या पाच-सहा दिवसांत आईने त्यांची सोलकढी केली. देवाच्या मालाची आहे हे कुणाला ठाऊक?

म्हणून १९९४ मध्ये माझ्या जाण्याआधी जे पत्र आलं त्यात एकच ओळ ठळक होती: येताना तीन नारळ आण, एलियाहूचे राहिलेत. हे वाक्य तिने या खेपेला कात्रीच्या वाटेत लिहिलं नव्हतं.

विमानतळावर कस्टमला एक पोरगी होती, विशीतली. माझी बॅग उघडून तिने तिन्ही नारळ टेबलावर एका ओळीत ठेवले आणि इंग्रजीत विचारलं, हे कशासाठी? मी म्हणालो, माझी आजी एलियाहू संदेष्ट्याला हे तीन नारळ देणं लागते, १९७३ पासून. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तिन्ही नारळ परत बॅगेत ठेवले, स्वतःच्या हाताने चेन लावली आणि म्हणाली, "एकवीस वर्षं? लवकर जा."

मलिद्याच्या दिवशी आजी सकाळीच तयार होती. लुगडं धुवट, केसांना तेल. विळी पुढे ओढली, तीच, १९६६ ची. पातं झिजून मूळच्या निम्म्यावर आलं होतं. गुडघा आता उभा राहत नव्हता म्हणून तिने पाय लांब केले आणि तिरकी बसली. पहिला नारळ काकांनी फोडला, पाण्याला गोडी होती. कवड खवणीवर फिरू लागली तसा तो आवाज आला, खर्र खर्र, आणि घरात अलिबागची सकाळ झाली. मोरक्कीण दारात येऊन बसली. दुसरा नारळही उत्तम. आजी खवता खवता एलियाहूशी बोलत होती: उशीर झाला, पण व्याज नको लावूस, पोरगा आता पन्नाशीला आला, पोट सुटलंय.

तिसरा फोडला आणि वास आला. खवट. आतून पिवळा पडलेला. ठाण्याच्या बाजारात नारळवाल्याने कानाशी वाजवून दिला होता, मीही मान डोलावून घेतला होता. माझा चेहरा पडला. काका म्हणाले, दुकानातून आणतो एक, त्याला काय कळतंय. आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पन्नाशीचे काका पाच वर्षांचे झाले.

तिने ती खवट कवड हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली. मग हात जोडून वर पाहत म्हणाली, "चार झाले. एक राहिला." आणि परातीतले पोहे कालवायला घेतले. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती उलट खुशीत दिसत होती. देणेकऱ्याला सावकार सहसा मरू देत नाही, हा तिचा जुना अनुभव होता.

१९९८ मध्ये ती गेली. शहाऐंशी वर्षांची. दिमोनाच्या वाळूत तिला ठेवलं. विळी धाकट्या काकांकडे आहे, पुदिना मोरक्किणीने नेला.

परवा खंडाळ्याला गेलो होतो. जाताना अलिबागच्या बाजारातून एक नारळ घेतला. या वेळी तीन दुकानांत वाजवून, पाणी हलवून, शेंडी हुंगून घेतला. कातळापाशी थोडा वेळ उभा राहिलो. आणखी दोन कुटुंबं आली होती, त्यांच्यातल्या एका आजीने मला बाळा म्हणत थोडं सरकायला सांगितलं. मी सरकलो. मग तिथून निघालो.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उघडली. "हे काय? ठेवला नाहीत?"

"आजीचा हिशेब आहे," मी म्हणालो, "मी कशाला मध्ये पडू?"

रात्री त्याची चटणी केली. नारळ चांगला निघाला.